शेंदराखालची कमान

प्रभुलिंगअण्णांवर कोणी काही लिहावं असं आपण काही केलेलं नाही, असं ते स्वतःच म्हणतील. मलाही लिहायची सवय नाही. महापालिकेत पाण्याची मीटरं वाचण्यात नोकरी गेली, लिहायचे ते आकडेच. पण भवानी पेठेत आमची घरं भिंतीला भिंत लागून आहेत, आणि गेल्या महिन्यात त्यांच्याबरोबर मी होतो. दुसरं कोणी नव्हतं. म्हणून जमेल तसं लिहून ठेवतो.

अण्णा यंत्रमागाच्या कारखान्यात जॉबर होते. माग अडला की त्यांना हाक पडायची. आता वय सत्तरीच्या पुढे. घरामागच्या पत्र्याच्या खोलीत ते जुन्या गारगोटीच्या बंदुका गोळा करतात आणि तशाच नव्या बांधतात. बंदूक म्हटलं की माणूस दचकतो, पण यांच्या बंदुकीतून काही उडत नाही. नळीत दारू पेटण्यासाठी जे बारीक भोक लागतं ते अण्णा पाडतच नाहीत. पोलीस एकदा येऊन, बघून, चहा पिऊन गेले.

जुन्या तुकड्यांसाठी ते मोडनिंबच्या भंगारवाल्यापर्यंत जायचे. कुठे नळीची चुलीवरची फुंकणी झालेली, कुठे गोठ्याच्या छपराला टेकू दिलेला. लाकूड ते मोडीत निघालेल्या हातमागांचं घेतात. तेलाच्या हातांनी मुरलेलं लाकूड, त्याला कीड लागत नाही म्हणतात. नळी मिळते, लाकूड मिळतं. अडतं ते कळीपाशी.

कळ म्हणजे बंदुकीच्या बाजूची ती लोखंडी जुळणी. चाप ओढला की घोडा पुढे झेपावतो, त्याच्या जबड्यातली गारगोटी पोलादावर घासते आणि ठिणगी पडते. घोड्याला जोर देते ती आत लपलेली वाकडी कमान, म्हणजे स्प्रिंग. अण्णांना एवढंच हवं होतं, आपल्या हातच्या कळीतून रोज ठिणगी पडावी. पडायचीही. दहा-बारा वेळा पडायची आणि मग कट्. कमान जिथे वळते त्या बाकापाशी मोडायची. ट्रकच्या पाट्याचं पोलाद घेतलं, कानशीचं घेतलं, लाल करून पाण्यात विझवली, तेलात विझवली. कधी ना कधी मोडायचीच.

"जुन्या लोहाराला काहीतरी ठाऊक होतं," ते म्हणायचे. "ते मला कळंना."

बघून शिकावं तर अस्सल जुनी कळ कुठे सापडत नव्हती. मिळालेल्या सगळ्या बंदुका मागाहून कोणीतरी गारगोटीऐवजी टोपीवर उडणाऱ्या करून घेतलेल्या, आतली कमान बदलून टाकलेली. एकच शाबूत होती. ती अक्कलकोटच्या पुढे एका वस्तीवर, आणि ती देव होती.

अण्णा वीसेक वर्षांपूर्वी तिकडे कोणाची तरी पाण्याची मोटार बघायला गेले होते. शेतातल्या पत्र्याच्या देवळात शेंदराचा एक लांबट गोळा आडवा ठेवलेला दिसला. लोक त्याला थोरला म्हणत. शेंदराच्या थराखाली अण्णांना घोड्याचा जबडा ओळखू आला, गारगोटीसकट. त्यांनी त्याची पूजा करणाऱ्या सोजरबाईंना विचारलं, जरा खरवडून बघू का? सोजरबाई म्हणाल्या, "नख लावायचं न्हाय. शेंदूर आपणहून गळंल तवा बगा." जुन्या देवांचं कवच कधीतरी आपोआप गळतं, ते नदीत सोडतात आणि नवा शेंदूर चढवतात, हे आपल्याकडे सगळ्यांना ठाऊक आहे. पण कधी गळेल हे कोण सांगणार? अण्णा दर वर्षी एकदा जाऊन बघून यायचे.

"देवाची कातडी गळायची वाट बघत्यात," असं त्यांच्या बायको चंद्रव्वा म्हणायच्या. "गिधाड बरं."

मधल्या काळात अण्णांच्या एका डोळ्याचं ऑपरेशन झालं, दुसरा तसाच राहिला. हात कापायला लागले. मागच्या वर्षी त्यांनी एक कमान केली, ती मात्र अजून मोडली नव्हती. पण ती ते वापरतच नव्हते. मोडेल म्हणून.

गेल्या महिन्यात सोजरबाईंच्या मुलाचा, आदिनाथचा, सकाळीच फोन आला. "काका, थोरल्याचं कवच गळालं. लाकूड बी भुसा झालंय. आई म्हणती मेस्त्रीला बोलव, नीट बांधून द्या. पण दिवस मावळायच्या आत या. बिनशेंदराचा देव रात्री ठेवत न्हाईत."

अण्णा चप्पल घालताना दोनदा चुकले.

"जावा, जावा," चंद्रव्वा म्हणाल्या. "मला माहेरी पोचवायची एवढी घाई कधी केली नव्हती." मग माझ्याकडे वळून, "जालिंदरभाऊ, तुम्ही पण जावा की. हे कुठं पडले तर उचलायला कोणतरी पाहिजे."

अक्कलकोटपर्यंत एसटी, पुढे वडापची जीप. जीपमध्ये अण्णांनी खिशातून फडक्यात गुंडाळलेली ती न मोडलेली कमान काढून दाखवली. ताडून बघायला घेतली होती. परत नीट गुंडाळून ठेवली. 

देवळात गळालेला शेंदूर नव्या कापडाच्या धडप्यात गोळा करून ठेवला होता. कौलाएवढे जाड तुकडे, कडेला कांद्यासारखे पापुद्रे दिसत होते. आणि मध्ये उघडी बंदूक. बारीकशी, काळी.

"एवढासाच हुता व्हय थोरला," सोजरबाई म्हणाल्या. "मला वाटायचं लई दांडगा हाय."

"आई, तुझ्यासारखाच हाय. लुगडं सोडलं तर आत काय न्हाय," आदिनाथ म्हणाला. सोजरबाईंनी त्याच्या पाठीत एक धपाटा घातला. मग अण्णांना म्हणाल्या, "लावा आता हात, मेस्त्री. आता आपणहून गळालंय."

लाकूड खरंच बोटाने निघत होतं. कळ एका स्क्रूवर लोंबत होती. अण्णांनी धोतराला हात पुसले, कळ सोडवून तळव्यात उलटी केली. मी मोबाइलची बत्ती धरली. त्यांनी डोळ्याजवळ नेऊन पाहिली, मग डोळे मिटून बोट फिरवलं. बराच वेळ फिरवत राहिले.

"मोडलीय," ते म्हणाले.

मला आधी समजलं नाही. त्यांनी माझं बोट धरून तिथे टेकवलं. कमान बाकापाशीच तुटली होती, एक तुकडा गंजात चिकटून बसलेला.

"तुटलेलं तोंड बघ जालिंदर. अर्धं काळं, अर्धं करडं. काळं म्हणजे चीर आधीचीच. भट्टीतून काढून विझवतानाच गेलेली. त्याला दिसली नसणार." कळ पुन्हा डोळ्याजवळ नेत म्हणाले, "मला बी दिसत नाही."

मग त्यांनी आदिनाथला विचारलं, "हिचा शेवटचा बार कधी काढला होता?"

"बार? बार झालाच न्हाय की. म्हणून तर देव."

मग सोजरबाईंनी सांगितलं. त्यांच्या नवऱ्याच्या पणज्याच्या वेळची गोष्ट. दोघे भाऊ, विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून भांडण. थोरल्याने बंदूक ठासली आणि बांधावर उभ्या असलेल्या धाकट्यावर धरली. चाप ओढला. नुसता कट् आवाज. पुन्हा घोडा मागे घेऊ गेला तर तो लुळा पडलेला. धाकटा पळाला नाही, आला आणि समोर बसला. थोरलाही बसला. दिवस मावळेपर्यंत दोघे तसेच बसले होते म्हणे.  दुसऱ्या दिवशी थोरल्याने बंदुकीला शेंदूर लावला.

"थोरल्याला लेकरूच झालं न्हाय," सोजरबाई म्हणाल्या. "आमी समदी धाकट्याची. बार झाला असता तर हितं कुणीच नसतं. ह्यो बी नसता, शहाणा."

अण्णा तळव्यातल्या कळीकडे बघत होते.

आदिनाथ म्हणाला, "काका, तुमच्याकडं कमानी हायत म्हणं. बसवा की एक. बार नगं, नुसती ठिणगी पाडू जत्रंला. माणसं बगायला येतील."

सोजरबाईंनी मुलाकडे पाहिलं नाही. अण्णांना विचारलं, "बसती का?"

अण्णांचा हात खिशाकडे गेला. ते मी पाहिलं. घोडा शाबूत, जबडा शाबूत, गारगोटीसुद्धा जागेवर. पाव तासाचं काम. जुन्या कळीत स्वतःची कमान, तीही न मोडलेली. आणखी वर्षभराने त्यांना ठिणगी दिसली असती की नाही, मला सांगता येत नाही. हात खिशावर तसाच राहिला.

"माझ्या कमानी टिकत न्हाईत, मावशी," ते म्हणाले.

"ही तरी कुटं टिकली?" सोजरबाई म्हणाल्या, आणि हसल्या. आदिनाथ हसला. अण्णाही हसले, पण उशिरा.

त्यांनी मोडके दोन्ही तुकडे होते तसे आत बसवले. लाकडाच्या खाचेत मेण भरलं, वरून सुती दोऱ्याने घट्ट बांधलं. सोजरबाईंनी तेलात शेंदूर कालवून पहिला हात अण्णांनाच लावायला दिला. आधी जबडा बुजला, मग घोडा. दिवस मावळायच्या आत थोरला पुन्हा गोळा झाला, पहिल्यापेक्षा बराच बारीक.

अक्कलकोटच्या स्टँडवर गाडीला वेळ होता. अण्णा बाकावर बसून शेंदराने माखलेली बोटं एकमेकांवर घासत होते.

"वाटायचं, आपल्याला जमत नाही, पण कुणाला तरी जमलेलं आहे," ते म्हणाले. "मग माणूस करत राहतो. आता विचारायचं कुणाला?"

मी चहा घेता का, विचारलं. नको म्हणाले.

गाडीत बसल्यावर म्हणाले, "चंद्रव्वाला मोडकी होती म्हणून सांगू नको. वीस वर्षं बोलणी खाल्ली मी."

"मग काय सांगू?"

"शाबूत होती म्हण. चांगली होती म्हण."

मग काचेला डोकं टेकून ते झोपले. सोलापूर येईपर्यंत मी उठवलं नाही.

चंद्रव्वा दारातच उभ्या होत्या. अण्णा त्यांच्या बाजूने आत गेले आणि कॉटवर आडवे झाले. चंद्रव्वांनी मला विचारलं, "होती का कमान?"

"होती. शाबूत होती. चांगली होती."

त्या वाचतात ते कन्नड, म्हणून इथे खरं लिहिण्याचं धाडस करतो आहे.

"मग ह्यांचं तोंड असं का?"

"दमलेत," मी म्हणालो.