विहीणबाईंची काठी

आमच्या गावाला समुद्र आहे, असं माझी काकू बेधडक सांगते. तिने समुद्र पाहिलेला नाही, ही गोष्ट वेगळी. एकोडीच्या बाजूने गावात शिरलं की आधी तलावाची पार लागते, म्हणजे मातीचा लांबच लांब बांध. पारीवर चढून उभं राहिलं तर सकाळच्या धुक्यात पलीकडचा काठ खरोखरच दिसत नाही. एका अंगाला कमळं, दुसऱ्या अंगाला डुंबणाऱ्या म्हशी, आणि पारीखाली नजर जाईल तिथवर धानाच्या बांध्या, म्हणजे भातखाचरं. पूर्वजांनी टोपल्या टोपल्या माती वाहून हे उभं केलं. कोणाच्या राज्यात, यावर चिंचेखाली बसून अजून वाद होतात. माती कोणी वाहिली, यावर मात्र कधी झाला नाही.

दोन वर्षांपूर्वी ऑक्टोबरात या समुद्राची परीक्षा झाली. काकूची मुलगी रत्नागिरीकडे दिली आहे, खऱ्या समुद्राच्या काठावर. तिला दिवस गेले आणि सासूबाई तिला घेऊन चार दिवस आमच्याकडे आल्या. मीही नागपूरहून सुट्टी काढून आले होते. पहिलं बाळंतपण माहेरी व्हावं, एवढाच काकूचा ध्यास. तारीख होती एप्रिलअखेरची. विहीणबाई बोलायला गोड, पण हो म्हणत नव्हत्या. पहिल्याच जेवणाला त्यांनी विचारलं, "उन्हाळ्यात तुमच्याकडे पाणी असतं का हो? बाळ-बाळंतिणीचं काम. विदर्भ म्हटलं की मला धडकीच भरते."

सगळा विदर्भ एकाच मापाने मोजणाऱ्यांचा मला भयंकर राग येतो. मी तोंड उघडणार, तेवढ्यात काकूने डोळ्यांनीच गप्प केलं. "चला जी ईनबाई, आपल्या डोयानंच पाहा."

पारीवर पोचताच विहीणबाई कपाळावर हात धरून पलीकडचा काठ शोधू लागल्या. काकू माझ्याकडे बघून गालात हसली. मग विहीणबाईंनी खाली उतरून एक वाळकी काठी उचलली आणि पाण्याच्या अगदी कडेला चिखलात रोवली. "सवय आहे," त्या म्हणाल्या. "पाणी कुठवर येतं-जातं, ते बघायची."

तिसऱ्या दिवशी सकाळी काकू धापा टाकत घरी आली. "पोरी, घात झाला! पानी हातभर मांगं गेलं."

तुडूम उघडलं होतं. तुडूम म्हणजे पारीच्या पोटातली मोरी. ती उघडली की तलावाचं पाणी पाटातून बांध्यांकडे धावतं. पाऊस संपला होता, धानाच्या लोंब्या बाहेर पडत होत्या, आणि शेवटच्या बांधीत पाणी पोचल्याशिवाय तुडूम बंद करायचं नाही, हा गावचा जुना नेम. काकूला तो माझ्याहून चांगला ठाऊक. तरीही ती मला घेऊन तरातरा पाणकरांकडे गेली. पाणी सोडायचं काम या म्हाताऱ्या गृहस्थांचं.

"दोन दिवस बंद ठेवा न जी. माही ईन जाऊ द्या."

"वैनी, ईनही जाईन अन् धानही जाईन," ते शांतपणे म्हणाले. "शेवटची बांधी तुमचीच हाये. तेथं पानी पोचलंच नाही अजून."

तरी काकू स्वस्थ बसली नाही. परतताना तिने इकडेतिकडे पाहिलं, काठी उपटली आणि पाण्याच्या नव्या कडेला रोवली.

"काकू!"

"चूप राय."

संध्याकाळी आम्ही तिघी तलावावर गेलो. विहीणबाईंनी काठीकडे पाहिलं, मग काठीच्या मागे. तिथे ओल्या चिखलाचा हातभर पट्टा होता, त्यात काठीच्या जाडीचं एक भोक, आणि भोकापासून काठीपर्यंत काकूची पावलं. जिचा जन्म भरती-ओहोटीच्या रेघा वाचण्यात गेला, तिच्यापुढे ही हुशारी!

"काठी चालत गेली वाटतं," त्या म्हणाल्या. "तीही अनवाणी."

मला हसू आवरेना. काकू मात्र रडवेली झाली. "चुकलं जी. पोरगी घरी यावी म्हून केलं." आणि तुडूम, लोंब्या, पाणकर, सगळं तिने भडाभडा सांगून टाकलं.

"जातं कुठे ते पाणी? दाखवा मला."

पाटाच्या कडेकडेने आम्ही शेवटच्या बांधीपर्यंत गेलो. पाणी नुकतंच आत शिरत होतं, भेगांमधून बुडबुडे काढत. विहीणबाईंनी वाकून त्यात हात घातला. "आमची ओहोटी कोणाच्या हातात नाही. तुमची तुम्हीच सोडता, आणि स्वतःच्या शेताला सगळ्यांच्या शेवटी घेता?"

"नेमच हाये तसा."

"आणि एप्रिलात?"

या खेपेला काकूने खरं तेच सांगितलं. "कमळापावतर मांगं जाते जी. आटत नाही पन. घरची विहीर त्याच्याच भरोशावर हाये."

विहीणबाई पदराला हात पुसून तलावाकडे परत फिरल्या. मला त्यांचा थोडा रागच आला. परतताना त्यांनी काठी उपटली, पाण्यात खळखळून धुतली आणि काकूच्या हातात दिली. "नीट ठेवा. उन्हाळ्यात ही कुठे रोवावी लागते, ते मी बारशाला येईन तेव्हा बघेन."

त्या पुढे निघून गेल्या. काकू काठी धरून तिथेच उभी.

"बारसं कोठी म्हनाल्या, पोरी?"

"इथंच, काकू."

काकूने काठी काखेत मारली, विहीणबाईंना मागे टाकलं, आणि थेट घरापर्यंत लेकीला हाका मारत गेली.