मागच्या डाव्या काचेवरच्या रेघा

“मावशी, एवढी काच नीट करून द्या. मग याला आजच घरी पाठवतो,” अण्णा गाडीतूनच म्हणाले.

याला म्हणजे हिरामणला, त्यांच्या ड्रायव्हरला. अण्णा सायखेड्याचे कांद्याचे व्यापारी, माझं जुनं गिऱ्हाईक. गाडी नवी कोरी. हिरामण सुरगाण्याकडचा, बायकोपोरं घेऊन इथे नाशकात खोली करून राहतो.

“कोरड्या फडक्यानं पुसतो हा. कितीदा सांगितलं.”

“नाय अण्णा. पाणी मारल्याबिगर मी काचेला हात नाय लावत.”

“मग काय मांजर येऊन गेलं?”

द्वारका चौकाजवळ आमचं शेड आहे, तिथे मी गाड्यांच्या काचा पॉलिश करते. कुठे शिकले नाही. भंगारातल्या काचा घासून घासून हात बसला. पहिलं काम नखाचं. ओरखड्यावरून नख फिरवायचं. अडकलं तर सरळ काच बदला, कारण तेवढं खोल घासलं की खळगा पडतो आणि पलीकडचं वाकडं दिसतं. इथे नख सरकलं. म्हणजे काम होणार होतं.

पण मी मशीन घेतलं नाही. पुसताना आपला हात गोल फिरतो, तर ओरखडेही वळणाचे उठतात. या रेघा सरळ उभ्या होत्या. आणि फक्त मागच्या डाव्या काचेवर.

“अण्णा, इथे कोण बसतं?”

“मीच. का?”

काचेच्या बुडाशी रबराची पट्टी असते. काच वर-खाली होते ती तिला घासून. त्या फटीत मी जुना टूथब्रश घातला. माती निघाली, बारीक खडे निघाले, आणि कांद्याची लाल सालं.

आता हे तोंडावर सांगायचं म्हणजे गिऱ्हाईक जायची भीती. गप्प बसावं तर हिरामणची नोकरी जाणार.

“गुडघ्यांमुळे मार्केटात तुम्ही उतरत नाही ना?” मी म्हटलं. “काच खाली करून कांदा चोळून बघता. ती माती या पट्टीत बसते. मग बटण दाबलं की काच तिच्यावर घासते. यात फडक्याचा काही संबंध नाही.”

अण्णांनी दार उघडलं आणि एक साल चिमटीत धरून पाहिलं. हिरामण दुसरीकडेच बघत होता.

मी कामाला लागले. काच घासायची सिरियमची पावडर पाण्यात कालवायची, मशीनला फेल्टचं, म्हणजे दाबलेल्या लोकरीचं पॅड लावायचं आणि हलक्या हाताने फिरवायचं. मध्ये मध्ये पाणी मारायचं, नाहीतर काच तापून तडकते. पाऊण तास लागला. रेघा गेल्या.

अण्णा तोवर खाली उतरून खुर्चीवर बसले होते. “हिरामण, चहा सांग,” ते म्हणाले. “तीन सांग. आणि उद्या सहाला ये, मार्केट आहे.”

माफी वगैरे काही नाही. पण हिरामण अजून तीच गाडी चालवतो, डिकीत टूथब्रश ठेवतो. ती काच परत माझ्याकडे आली नाही. तेवढं माझं काम कमी झालं.

तुमच्याही गाडीच्या काचेवर उभी रेघ दिसली तर आधी पट्टी साफ करून बघा. माणसाला रागवायला नंतरही वेळ असतो.