भिंतीकडली जागा

हिराची जागा विद्यापीठाच्या भिंतीला लागून होती. भिंतीच्या आत हिरवळ, फवारे, काचेची इमारत. बाहेर वाळू आणि वाळूत रोवलेले हिराचे बांबू. बांबूंना आडवे दोर, दोरांवर बोंबील, एकाचा जबडा दुसऱ्याच्या जबड्यात अडकवून जोडीनं टांगलेले. या सांगाड्याला वलांडी म्हणतात. किनाऱ्यावरच्या प्रत्येक घराची वलांडी असते.

जागेचा कागद कुणाकडेच नाही. नारळी पुनवेनंतर बांबू रोवायचे, मिरगाच्या आधी काढायचे. ज्याचा बांबू उभा, त्याची जागा. हंगामात मधेच कुणी बांबू काढले, तर त्या घरानं धंदा सोडला असं गाव धरतं, आणि जागा गावाकडे जाते. राहीबाई नवऱ्याच्या आजारपणात पालघरला लेकीकडे गेली. जाताना तिनं बांबू उपटून घरात ठेवले, चोरीला जाऊ नयेत म्हणून. परतली तेव्हा गावकीच्या बैठकीत सगळ्यांत मोठ्यानं हिराच बोलली होती, "बांबू काढला तिथं जागा गेली. नियम सगल्यांना सारखा." राहीबाई आता तारापूरच्या एका कारखान्यात औषधांची खोकी भरते.

हिरा एडवणहून लग्न होऊन आली, तेव्हा विद्यापीठ नव्हतं. मच्छीमार सोसायटीच्या जुन्या बर्फाच्या गोदामात एक कॉलेज भरायचं. गावानं ठरवलं, पावसाळ्यानंतर बोटी पहिल्यांदा भरून आल्या की प्रत्येक बोटीनं एक पाटी मासळी कॉलेजला द्यायची. लिलावाच्या पैशातून भिंती उभ्या राहिल्या. त्यातली पहिली, मानाची पाटी भिंतीकडल्या जागेवरच्या बाईनं डोक्यावरून फाटकाच्या आत न्यायची. नवी नवरी हिरा ती पाटी नेताना लाजायची. मग सवय झाली. मग नवरा गेला, बोट विकली, घरातले आवाज कमी झाले, तरी त्या दिवशी तिची पाठ ताठ असे.

कॉलेजचं विद्यापीठ झालं ते नुसत्या मासळीवर नाही. बोईसरच्या औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यांनी भंगारात काढायची यंत्रं दिली, त्यांच्या खोल्यांना प्रयोगशाळा नाव पडलं. कुंभवली-बेटेगावच्या चाळींतले, घाटावरून आलेले कामगार जादा पाळ्या करून पोरांच्या फिया भरू लागले. कारखान्यांचे साहेब फुकट शिकवायला येत, शिकणारी पोरं कारखान्यांत जवळजवळ फुकट राबत. बोईसर खोकत होतं आणि कमवत होतं. विद्यापीठ मजल्यावर मजला चढवत होतं. पाटी चालूच राहिली. आता ती कॅन्टीनमध्ये जाई. कुणी थांबवायला सांगितलं नाही, एवढंच.

मागच्या मार्गशीर्षात हिराची मुलगी हेमांगी दुपारी वाळूत आली. ती विद्यापीठाच्या कचेरीत लागली होती, कंत्राटावर. सोबत तिचा साहेब विक्रम होता. त्यानं रुमाल नाकाशी नेला आणि लगेच खिशात घातला.

"मावशी, मूल्यांकनाची कमिटी येतेय. ती जाईपर्यंत एवढं बाजूला घेता येईल का?"

"वलांडी म्हंजे काय छत्री हाय सर, मिटली नि उघडली?"

शेजारच्या वलांडीवरून नवसी ओरडली, "कमिटीला नाक हाय म्हनावं? आमाला वाटलं नुसतं पोट असंल!"

विक्रम हसला. तो वाईट माणूस नव्हता. त्याच्याही वर कुणीतरी होतं.

हेमांगी आईला बाजूला घेऊन म्हणाली, "आय, माझं कंत्राट ह्यांच्याच हातात हाय."

"नि माझी जागा कुनाच्या हातात हाय?"

संध्याकाळी गावकीचा प्रमुख पुंडलिक दारात येऊन बसला. चहा घेतला, दुसरा मागितला. "हिरावैनी, कॉलेज कुनाचं? आपल्या मासळीनं उभं केलेलं. घरात पावना येतो तवा आपुन अंगन झाडतो ना?"

"अंगन झाडतो भावोजी. चूल उपटत नाय."

"मी बसलो हाय ना. तुझ्या जागेला कोन हात लावील?"

हिरानं दुसऱ्या दिवशी बांबू काढले. धाकामुळे नाही. हेमांगीसाठीही पूर्ण नाही. ज्या भिंतीखाली आपल्या डोक्यावरच्या पाट्या गाडल्या आहेत ती भिंत आपलीच, असं तिला वाटत होतं. अर्धे सुकलेले बोंबील तिनं घरात पसरले. ढगाळलेल्या हवेत त्यांना अळ्या लागल्या.

नवसीनं बांबू काढले नाहीत. "माझी पोरगी तितं कामाला नाय," ती म्हणाली, आणि हिराकडे न बघता बोंबील टांगत राहिली.

कमिटी आली. हिराच्या जागेवर खडी दाबून गाड्या उभ्या केल्या होत्या. कमिटीतल्या एका बाईंना समुद्र बघायचा होता, म्हणून सगळे बाहेर आले. बाईंना नवसीची वलांडी फार आवडली. त्यांनी नवसीसोबत फोटो काढला. कुलगुरू माइकवरून म्हणाले, "हे शहर कमावतं म्हणून आम्ही शिकवू शकतो. कारखाने, कामगार, कोळी भगिनी, ही आमची खरी संपत्ती." टाळ्यांत पुंडलिकाच्याही टाळ्या होत्या. हिरा दारात बसून अळ्या लागलेले बोंबील खड्ड्यात टाकत होती. तिथवर माइक ऐकू येत होता.

गाड्या गेल्या. हिरा बांबू घेऊन गेली. खडीत पहार शिरेना. ती पुंडलिकाकडे गेली, पुंडलिकानं बैठक बोलावली.

"जागा विद्यापीठानं घेतली नाय," तो म्हणाला. "तू सोडलीस, गावाकडं आली. गावानं विद्यापीठाला दिली. तितं मासळी सुकवायची शेड हुनार, एक कारखाना पैसं देतोय. आपलीच पोरं शिकतील."

"तुमी बसला व्हता ना, भावोजी?"

"व्हतो. पन नियम काय माझा एकट्याचा हाय? तूच म्हनालीवतीस, सगल्यांना सारखा."

बैठकीत कुणी हसलं नाही. हिरा मागे वळून बघू लागली, जणू राहीबाई कुठेतरी उभी असेल. राहीबाई दुसऱ्या पाळीला गेली होती.

हेमांगीचं कंत्राट वाढलं. हिरा नवसीच्या वलांडीवर मजुरीनं बोंबील टांगू लागली. दोघी बोलत, पण जागेबद्दल नाही.

यंदा नारळी पुनव झाली. बोटी गेल्या, भरून आल्या. मानाची पाटी वाळूत ठेवली गेली, वर दोन पापलेटं आडवी. गाव गोळा झालं. पुंडलिक म्हणाला, "हिरावैनी, चल. उचल."

हिरा जागची हलली नाही.

"भिंतीकडल्या जागेवरची बाई उचलते," ती म्हणाली. "ती जागा आता त्यांची. त्यांनीच उचलावी."

"आता वाद नको."

"वाद कुटं हाय? नियम हाय."

पुंडलिकानं नवसीकडे बघितलं. नवसीनं पदर कमरेला आणखी घट्ट खोचला आणि समुद्राकडे तोंड केलं. दुसऱ्या बायाही पुढे आल्या नाहीत. पाटीवर माश्या बसू लागल्या. एक कावळा जवळ येऊन थांबला. हिराला वाटलं, ही पाटी इथंच सडली तर निदान तेवढा वास भिंतीच्या आत जाईल.

फाटक उघडलं. हेमांगी बाहेर आली. इस्त्रीचा ड्रेस, गळ्यात विद्यापीठाचं ओळखपत्र. फाटकात विक्रम उभा होता. ती सरळ पाटीपाशी आली. वाकून तिनं पाटीच्या कडा धरल्या. उचलायची तिला सवय नव्हती. पाटी गुडघ्यापर्यंत आली आणि कलंडू लागली. मासळीचं पाणी ओळखपत्रावर सांडलं.

हिरा बघत राहिली. मग स्वतःच्या कमरेची चुंबळ काढून ती पुढे गेली आणि मुलीच्या डोक्यावर ठेवली.

"तशी नको," ती म्हणाली. "मान मोडंल."

दोघींनी मिळून पाटी वर चढवली. हेमांगी खडीवरून फाटकाकडे चालू लागली. फाटक लागलं. चुंबळ आतच राहिली.