मातीत गेलेलं पहिलं दूध

"सेप्सिस आहे," डॉक्टर म्हणाले. मग माझ्या चेहऱ्याकडे बघून त्यांनी सोपं करून सांगितलं, "रक्तात जंतू पसरलेत. अंग गार पडलंय, साखरही उतरलीय. जन्मल्यावर काय पाजलंत?"

माझी मुलगी तेव्हा तीन दिवसांची होती. नांदेडच्या सरकारी दवाखान्यात आम्ही उभे होतो. माझ्या आईने मान खाली घातली.

काय पाजलं ते सांगते. घरात ओली बाळंतीण असेल त्या प्रत्येकीने हे ऐकावं.

पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून मी लातूरहून कंधारजवळच्या आमच्या गावी आले होते. तालुक्याच्या दवाखान्यात सुखरूप सुटका झाली. सोबत माझी थोरली चुलती होती, तिला आम्ही मोठीआई म्हणतो. लेकराला छातीशी घेतलं तशी तिने ते काढून घेतलं. "पिवळं दूध हाय ते, नऊ महिने आत साठलेलं. पिळून टाक."

मी म्हटलं, डॉक्टर हाच चीक पाजायला सांगतात.

"डागदर येतो का लेकरं सांभाळायला? आमची समदी अशीच वाढली."

समदी नव्हती वाढली. मोठीआईची दोन लेकरं पाळण्यातच गेली. पण जी जगली तो तिचा अनुभव आणि जी गेली ते त्यांचं नशीब, असा तिचा हिशेब. दुसऱ्या दिवशी दवाखान्याने घरी पाठवलं, खाट हवी होती म्हणून. घरी आल्या आल्या लेकराला उघड्या ओसरीवर न्हाऊ घातलं. माझं दूध परसातल्या मातीत पिळलं आणि लेकराच्या तोंडात गुळाच्या पाण्याचा बोळा दिला. त्या वाटीवर माशा बसत होत्या.

आमचं घर बौद्ध. नवस नाही, अंगारा नाही, पाचवी पुजणं नाही, आणि त्याचा आम्हाला केवढा अभिमान. आजोबांनी देव सोडले. चीक फेकायचं सोडायला मात्र कुणाला सुचलं नाही. मी इंजिनिअर, भाऊ तलाठी, आणि घरात हुकूम चालला तो त्या बोळ्याचा.

तिसऱ्या दिवशी लेकरू रडेना. "लई गुणी हाय, तरास न्हाई," मोठीआई कौतुकाने म्हणाली. आईने पायाला हात लावला तर पाय बर्फासारखे. मग भावाने जीप काढली.

नांदेडला तिला एसएनसीयूमध्ये ठेवलं. एसएनसीयू म्हणजे आजारी नवजात बाळांचा वेगळा कक्ष. आत बाळांच्या आयांना ठरावीक वेळीच सोडत, बाकी वेळ आम्ही बाहेर चटईवर. जिन्याच्या कोपऱ्यात गुटख्याच्या पिचकाऱ्या, आणि तोंड पुसलेले तेच हात घेऊन नातेवाईक आत जायला भांडत. सिस्टर त्यांना नळाकडे हाकलायच्या. मी वाटीत दूध काढून द्यायचे, ते नळीतून थेंब थेंब तिच्या पोटात जायचं.

शेजारच्या चटईवर हदगावकडची एक सून होती, शेतकऱ्याच्या घरची. तिची मुलगी जन्मतःच कमी वजनाची. दूध ओढेना तरी घरच्यांनी आणलं नाही. "पाचवी पुजल्याबिगर लेकरू उंबऱ्याभाईर न्हेत न्हाईत आमच्यात," ती सांगत होती. सटवाई पुजली, पुरणाचं जेवण झालं, मग गाडी निघाली.

डॉक्टर एकदा आम्हा सगळ्यांसमोरच बोलले. "पूर्वी जुलाब, गोवर, न्यूमोनियाने रांगती लेकरं जायची. लसी आल्या, ते कमी झालं. आता जातात त्यातली बरीच पहिल्या आठवड्यातच. दिवस पुरे न भरलेली, वजन नसलेली, जन्मताना गुदमरलेली, जंतू लागलेली. पोरींची लग्नं लवकर करता, त्यांना शेवटी जेवायला बसवता, दवाखाना लांब म्हणून थांबता. गरिबाचं जास्त जातं. पण चुकायला गरीबच असावं लागतं असं नाही."

शेवटचं वाक्य बोलताना ते माझ्याकडे बघत होते. राग आला, आणि तो गिळावा लागला.

हदगावची मुलगी दुसऱ्या दिवशी सकाळी गेली. त्या सुनेची सासू म्हणाली, "पोरगीच व्हती, व्हईल दुसरं." त्या बाईची मला जी किळस आली ती अजून उतरली नाही. सून मात्र ओली छाती पदराने दाबत भिंतीला टेकून बसली होती.

माझी वाचली. एका दुपारी सिस्टरांनी तिला माझ्या उघड्या छातीवर ठेवलं, वरून चादर टाकली आणि म्हणाल्या, "घ्या, आता तुमचं तुम्ही बघा." लेक चुटूचुटू ओढायला लागली तशी मी हमसून हमसून रडले. त्या सिस्टरचे उपकार मी जन्मभर फेडू शकणार नाही.

घरी आलो त्या दिवशी मोठीआई वाटी घेऊन आली. तिची म्हैस व्याली होती, वगार म्हणजे मादी पारडू झालं होतं, आणि वाटीत वेलदोडा घातलेला खरवस होता. चिकाच्या दुधाचा. सगळ्या गल्लीत वाटून ती आमच्याकडे आली होती.

मी विचारलं, "मोठीआई, वगारीला चीक पाजला का आधी?"

"मंग? पयला चीक तिलाच की. त्याच्याबिगर जगल व्हय ती?"

ती हे अगदी सहज बोलली. मी वाटी खाली ठेवली आणि तिच्यासमोरच लेकीला पदराखाली घेऊन पाजायला लागले.