कुत्र्याच्या गळ्यातलं लोढणं

माझ्या कोंबड्या आणि सासऱ्यांचा कुत्रा एकाच परसात राहत. त्यात कुत्रा आधीपासून होता, हे मी सोयीस्करपणे विसरले होते.

साक्रीजवळच्या त्या गावात मी लग्न होऊन आले तेव्हा घरात फक्त आबा, म्हणजे माझे सासरे, आणि त्यांचा कुत्रा. हे धुळ्याला नोकरीला, रविवारी यायचे. आबा शेताकडे निघाले की कुत्रा पुढे पळायचा, थांबून त्यांची वाट बघायचा, पुन्हा पळायचा. घर खायला उठायचं म्हणून मी कोंबड्या पाळल्या. विटा रचून खुराडं केलं, दाराला पत्रा लावला. मुंगसाची चाहूल लागली की कुत्राच भुंकून उठवायचा. मला त्याचं कधी कौतुक वाटलं नाही.

उन्हाळ्यात एका कोंबडीनं पिल्लं काढली आणि त्यातलं एक कुत्र्यानं तोंडात धरलं. ते मेलं. मी थयथयाट केला.

"त्याले काय समजस बेटा," आबा म्हणाले, "पिल्लू शे का उंदीर शे."

पण मी हट्टाला पेटले होते. गोठ्यात ओढाळ गाईचं लोढणं पडलं होतं. गाय पळू नये म्हणून तिच्या गळ्यात अडकवतात तो लाकडाचा ओंडका. पाय उचलला की गुडघ्यावर आपटतो. तो मी कुत्र्याच्या गळ्यात बांधला. 

तेवढ्यात आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, आली. खानदेशात आखाजीला लेकी माहेरी जातातच. यावलला जायला निघताना मी आबांना बजावलं, "मी येईपर्यंत लोढणं काढायचं नाही हं." सासऱ्यांना असं बजावायची रीत नव्हती, पण माझी जीभ तेव्हा अशीच होती. आबांनी मान डोलावली.

माहेरी झोके, गाणी, सांजोऱ्या. आईनं आग्रह केला म्हणून राहिले, मग मैत्रिणीनं केला म्हणून आणखी राहिले. कुत्र्याची एकदाही आठवण आली नाही. हे लिहायची आजही लाज वाटते.

परतले तेव्हा तो खुराड्याशी पडला होता. गळ्याभोवतीचे केस गेलेले, पुढचे दोन्ही गुडघे सोललेले, त्यावर हळद थापलेली. आबा रोज हळद-तेल लावत होते, भाकरी त्याच्या तोंडाशी नेत होते. दोरी तेवढी सोडत नव्हते.

"आबा, काढून का नाही टाकलं?" मी ओरडलेच.

"तूच सांगेल व्हतं ना बेटा, काढानं नही म्हनीसन. मंग मी कसं काढू?"

परक्या गावातून आलेली पोर, तिचा शब्द घरात चालला पाहिजे, असं त्यांना वाटत होतं. मी रागाच्या भरात बोलले ते त्यांनी पाळलं होतं. मी विळ्यानं दोरी कापली. कुत्र्यानं माझा हात चाटला. चावला असता तर बरं वाटलं असतं.

जखमा भरल्या. पण आबा शेताकडे निघाले की तो परसाच्या फाटकापर्यंत यायचा आणि तिथंच बसायचा. आबा वाटेवरून 'यू यू' करायचे. तो शेपूट हलवायचा, पण फाटक ओलांडायचा नाही. शेवटी आबा एकटेच जायचे.

एकदा शेजारीण अंडी न्यायला आली. कुत्रा पडला होता आणि पिल्लं त्याच्या पाठीवर चढून दाणे टिपल्यासारखी चोची मारत होती. बाई बघतच राहिली.

"कसं शिकाडं वं कुत्राले?"

मी अंडी मोजत राहिले. आबा शेताला निघाले होते, खांद्यावरचा पंचा सारखा करत त्यांनीच सांगितलं, "मन्ही सूननी शिकाडं."

त्यांच्या आवाजात खरोखर कौतुक होतं. टोमणा असता तर मी उलटून काही बोलले तरी असते.