निरगुडीचं आमंत्रण

उकळत्या निरगुडीचा उग्र, कडसर दर्प घरभर पसरला, की माझ्या कानांत आधी शिवणयंत्राची टकटक सुरू होते. गंधाला आवाज असतो का हो? माझ्या या गंधाला आहे. साठ सालच्या आसपासचं आमचं दिग्रस, जिनिंगच्या कापसानं भुरकटलेली हिवाळ्यातली हवा, आणि यंत्रावर वाकलेले माझे बाबा!

बाबा शिंपी. त्या हिवाळ्यात संधिवातानं त्यांचे दोन्ही गुडघे असे धरले, की पायडल हलेना. शिंप्याचा पाय थांबला म्हणजे त्याच्या अस्तित्वाची लयच हरवली की! सरकीच्या गरम पुरचुंडीचा शेक झाला, मोहाच्या बियांचं कोमट तेल चोळून झालं, रुईची पानं बांधून झाली. बाबा हसत सगळं सोसायचे, पण बंद मशीनीकडे बघायचं मात्र टाळायचे. ते मला बघवायचं नाही.

अखेर नातवंडांची झबली शिवून न्यायला येणारी, बंजारा तांड्यावरची झमकूयाडी धावून आली. याडी म्हणजे तिच्या बोलीत आई. आम्हीही तिला तेच म्हणायचो. तिनं बजावलं, "निरगुडीले आदल्या सांजी तांदूळ वाहून आमंत्रण द्या लागते. सकाळी पाला आनाचा, पन घरी येईस्तोवर कोनाशी बोलाचं नाही. बोललं का गुन गेला!"

आणि हे मौनव्रत कुणी मागून घ्यावं? घरातल्या सगळ्यात वाचाळ, दहा वर्षांच्या मी! आमंत्रण दिलं, पहाटेच्या दवात भिजलेला पाला ओटीत घेतला, ओठ घट्ट मिटून निघाले. फाट्यावर एक धोतरवाले काका धापा टाकत आले. "पोरी, पुसदची मोटार गेली काय वं?" आणि मेली जन्माची खोड, माझ्या तोंडून निघालंच, "गेली!"

घरी कुणाला काही सांगितलं नाही. महिनाभर पाला उकळला, वाफारे झाले, गुडघे ढिम्म. माझ्या एका शब्दानं बाबांचे पाय गेले, असंच मला वाटत राहिलं. मग शाळा सुटली की मी मशीनीखाली बसू लागले. दोन्ही हातांनी पायडल दाबायची आणि वर बाबा कापड सरकवायचे. टकटक पुन्हा सुरू झाली, पण मनातला काटा निघेना. एके दिवशी तिथंच, पायडलवर डोकं टेकून हमसाहमशी रडले आणि सगळं सांगून टाकलं.

बाबांनी चाक थांबवलं. "म्हनून तू पायडल मारून राह्यली? मले वाटलं, पोरगी हौसेनं शिकून राह्यली!" हसता हसता त्यांचेच डोळे भरले. मग म्हणाले, "अवं, तू 'गेली' म्हनली म्हनून तो बिचारा फाट्यावर ताटकळत उभा राह्यला नाही. त्याचे त गुडघे वाचले ना!"

बाबांचे गुडघे उन्हाळ्यात जरा सैलावले, पुरते कधीच नाहीत. मशीन मात्र माझ्या लग्नापर्यंत थांबली नाही.

आता पाळी माझ्या गुडघ्यांची. काल सांजेला मी निरगुडीला तांदूळ वाहिले. सकाळी पाला घेऊन परतताना फाट्यावर एका थकल्या बाईनं विचारलं, आर्णीची बस गेली का. मी थांबले. "गेली," म्हटलं, "पन दुसरी येते, बसा." आणि दुसरी येईपर्यंत तिच्याशी बोलत मीही तिथंच बसले.

पाला चुलीवर चढायला आज दुपार झाली. वास तोच आला, आणि टकटकही.