मागच्या डाव्या दाराचा स्पीकर

आधीच सांगतो, मी भुताखेतांवर विश्वास ठेवणारा माणूस नाही. डोलवीकडच्या एका कंपनीत फिटर आहे, आणि फिटरच्या लेखी प्रत्येक आवाजाला कारण असतं... बेअरिंग तरी गेलेलं असतं, नाहीतर बोल्ट तरी ढिला असतो. त्यामुळे हे लिहिताना माझी मलाच चीड येतेय.

राहायला पेणजवळ, खाडीकाठच्या गावात. घरात मी, बायको आणि वडील – दादा. त्यांचा जन्म मिठागरात आणि थोड्या भातशेतीत गेला. ऐकू जवळजवळ येतच नाही. कानाचं मशीन घेऊन दिलं ते कपाटात पडून आहे. आई गेली आणि त्यांनी बोलणंच टाकलं. काहीही विचारा, नुसती मान हलवायची. मला ते फार लागायचं.

आई गेल्याच्या पुढच्या वर्षी गणपती झाल्यावर मी जुनी गाडी घेतली. हायवेच्या खड्ड्यांत चारही दारं खडखडायची. म्हटलं, आपल्या हातात कला असताना गॅरेजवाल्याचे पाय कशाला धरा? दोन दिवस सुट्टी टाकली. दारांचे पॅड उघडले, आतल्या पत्र्यावर खडखड दाबणाऱ्या डॅम्पिंगच्या शीट रोलरने दाबून चिकटवल्या, नवे स्पीकर बसवले. तीन क्लिपा मोडल्या, बायकोची बोलणी खाल्ली. मागच्या डाव्या दाराला वायर कमी पडली, म्हणून तो स्पीकर नुसता स्क्रूने आवळून ठेवला. कनेक्शन नव्हतंच, हे लक्षात असू द्या.

रविवारी दादांना घेऊन ताईकडे, रोह्याला निघालो. ते मागे डावीकडे बसले. गाणी मुद्दाम बंद ठेवली होती – कुठे काही वाजतंय का ते ऐकायला. नागोठणं सोडलं आणि मागून दादा म्हणाले, "व्हय गो, घेतली गोली."

आरशात पाहिलं. दादा दाराला कान लावून बसले होते. थांबत होते, ऐकत होते, मग बोलत होते... मी ओरडून विचारलं, "दादा, कोनाशी बोलताय?" माझं बोलणं त्यांना नेहमीप्रमाणे ऐकू गेलं नाही. मला तर गाडीत दुसरा कुठलाच आवाज ऐकू येत नव्हता.

रोह्याला पोचल्यावर ताईच्या डोक्यावर हात ठेवून ते म्हणाले, "बाय, तुझी आय सांगते, फोन उचलला नाय म्हनून जीवाला लावून घेव नको."

ताईने रडतच मला सगळं सांगितलं. आई गेली त्या सकाळी तिने ताईला फोन केला होता. ताईने कामाच्या गडबडीत उचलला नाही. हे तिने कोणालाच, अगदी भावजींनाही सांगितलं नव्हतं.

मग दादा रोज त्या उभ्या गाडीत जाऊन बसायला लागले. आणि घरातही बोलायला लागले! बायकोला एकदा म्हणाले, "मीठ कमी हाय गो," तर तिला रडूच फुटलं. मी मात्र आतून अस्वस्थ. कामावर असलो तरी जीव गाडीपाशी. एके दिवशी शिफ्ट संपवून आलो, तर गाडीतून दादांचा आवाज आला, "येतो गो, येतो. भात कापून झालं का येतो."

मी वळून शेताकडे पाहिलं. भात पिवळं पडायला लागलेलं...

चालू मशीनला हात लावायचा नाही, हे आम्ही कामावर नव्या माणसाला पहिल्या दिवशी शिकवतो. पण मला धीर कुठला? दादा दुपारचे झोपले असताना तो स्पीकर काढला, शीट खरवडून टाकल्या, पॅड होतं तसं लावून टाकलं.

रविवारी दादांनी पेणपासून रोह्यापर्यंत दाराला कान लावून ठेवला. मध्ये दोनदा त्यावर टकटकही केली. उतरताना माझ्याकडे बघून विचारलं, "दार उघडलं व्हतंस काय रं?"

"नाय, दादा," मी मान हलवून म्हणालो.

पुढच्याच आठवड्यात मी सगळं परत बसवलं. तोच स्पीकर, तसाच बिनवायरचा, शीट नव्या पण तसल्याच. काही उपयोग झाला नाही. कानाच्या डॉक्टरांना विचारलं, ओळखीच्या ऑडिओवाल्याला विचारलं. डॉक्टर म्हणाले मशीन लावा, ऑडिओवाला म्हणाला वायर जोडा.

दादा ठणठणीत आहेत. त्यानंतर दोनदा भात कापून झालं. बायको म्हणते, तुम्ही त्यांना राखलंत. असेलही... पण दार उघडलंस का, हे ते माझ्याशी शेवटचं बोलले, आणि मी त्याचंही उत्तर खोटं दिलं.